बसचं ट्रेनिंग अर्ध्यावर सोडू का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारे तेहेतीस वर्षांचे आहेत, एका मोठ्या शहरात राहतात. सात-आठ वर्षं ॲपवरची टॅक्सी चालवली. कमिशन, सीएनजी आणि गाडीचा हप्ता वजा जाता हाती फारसं उरेना, म्हणून गाडी विकली, जड वाहनाचा परवाना काढला आणि सध्या शहर बसच्या एका ठेकेदाराकडे ते चालकाचं प्रशिक्षण घेत आहेत. बस इलेक्ट्रिक, बारा मीटरची. प्रशिक्षण अर्ध्यावर आलंय. डावीकडे वळताना मागचं चाक फुटपाथच्या कडेवर चढतं, रिव्हर्समध्ये सरावासाठी उभे केलेले खांब पडतात. रस्त्यावरच्या सरावात एक दुचाकी डावीकडून अचानक पुढ्यात आली. ब्रेक वेळेवर लागला, कुणालाही खरचटलं नाही, पण नंतर काही क्षण त्यांना गाडी हलवताच येईना. मागून हॉर्न सुरू झाले आणि प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, “टॅक्सीवाल्यांना बस जमत नाही.” तेव्हापासून रात्री झोप लागत नाही, सकाळी डेपोत शिरताना पाय थरथरतात. एका मित्रानं दिलेली झोपेची अर्धी गोळी ते अधूनमधून घेतात. घरी बायकोला यातलं काहीच माहीत नाही. मेहुणा म्हणतो, परत टॅक्सी घे, स्वतःचा मालक राहा. त्यांचा प्रश्न असा: “नापास होऊन नाचक्की होण्याआधीच सोडून देऊ का? ज्याला भीती वाटते त्यानं पन्नास-साठ माणसांचा जीव हातात घ्यावा का?”

भाऊ,

आधी गोळीचं बोलू, कारण बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, याला नाही. ती गोळी आजपासून बंद. झोपेच्या गोळीचा अंमल सकाळी उठल्यावर संपतोच असं नाही. डोळे उघडे असतात, माणूस बोलतो-चालतो, पण ब्रेककडे पाय जायला उशीर होतो आणि तो उशीर त्याचा त्याला कळत नाही. ती गोळी तुमच्या मित्राला त्याच्या डॉक्टरांनी त्याच्यासाठी दिली होती, तुमच्यासाठी नाही. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांचंही असंच आहे, म्हणून औषध कुठलंही असो, घेण्याआधी डॉक्टरांना “मी बस चालवतो” हे आपणहून सांगायची सवय आत्तापासून लावून घ्या. तुम्ही “अधूनमधून” लिहिलंय. ते रोजचं झालं असेल तर एकदम न थांबवता उद्याच डॉक्टरांना गाठा आणि ते सांगतील तोवर स्टिअरिंगला हात लावू नका. दोन दिवस प्रशिक्षण बुडालं तरी चालेल. झोपेबद्दल नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं.

आता बसकडे वळू. मी नोकरीतली बरीच वर्षं नवे चालक तयार करण्यात घालवली, त्यामुळे तुमचं पत्र वाचताना तुम्ही जे लिहिलंय त्यापेक्षा जरा वेगळंच चित्र माझ्यासमोर उभं राहिलं. तुम्ही धरून चालला आहात की इतकी वर्षं गाडी चालवली म्हणजे बस लवकर यायला हवी होती, आणि येत नाही म्हणजे आपल्यातच काही खोट आहे. माझा अनुभव उलटा आहे. ज्यांनी फक्त कार चालवलीय आणि पुष्कळ चालवलीय, त्यांना पहिले काही आठवडे कोऱ्या पाटीच्या मुलांपेक्षा जड जातात. कारण त्यांचा हात आधीच शिकलेला असतो, आणि तो हात कारचा असतो.

डावं वळणच घ्या. कारमध्ये पुढची चाकं तुमच्या पुढे असतात. कोपरा दिसला की तुम्ही स्टिअरिंग फिरवता आणि गाडी आज्ञाधारकासारखी वळते. तुमच्या बसमध्ये तुम्ही पुढच्या चाकांच्याही पुढे बसलेले आहात. कोपरा तुमच्या खिडकीशी आला तेव्हा चाक अजून मागेच आहे. तुमचा हात मात्र सवयीनं तिथंच फिरतो. मग मागचं डावं चाक कोपरा कापून आत येतं आणि फुटपाथवर चढतं. इथं घाबरण्याचा काही संबंध नाही, तुम्ही फक्त लवकर वळताय. आपण स्वतः कोपऱ्याच्या पुढे निघून गेलो, आता उशीर झाला, असं पोटात वाटेल, तिथून वळायला सुरुवात करायची. पहिले काही दिवस ते चुकीचंच वाटतं. वाटू दे.

हे सांगून पटत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. मैदानात बस उभी असताना डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकांखाली बादलीभर पाणी ओता. मग प्रशिक्षकांना किंवा दुसऱ्या चालकाला अगदी सावकाश डावं वळण घ्यायला सांगा आणि तुम्ही बाहेर, सुरक्षित अंतरावर उभे राहा. जमिनीवर दोन ओल्या रेघा उमटतात. पुढच्या चाकाची बाहेरून जाते, मागच्याची आतून. दोघींमध्ये किती फट पडते ते वाकून बघा, पावलांनी मोजा. तेवढी जागा तुम्हाला प्रत्येक डाव्या वळणावर हाताशी ठेवायची आहे. ती फट एकदा डोळ्यात बसली की आरशात बघताना तुम्ही नेमकं काय शोधताय ते कळतं. तिथं उभे आहातच तर बसचा मागचा कोपराही बघून घ्या. बस थांब्यावरून उजवीकडे निघते तेव्हा मागचा डावा कोपरा थांब्याच्या दिशेनं झुलतो. तिथं माणसं अगदी कडेला उभी असतात, हातात पिशव्या, काखेत मूल. कार चालवताना हा कोपरा तुमच्या आयुष्यात कधी आलाच नव्हता.

डाव्या पायाचंही तसंच. इलेक्ट्रिक बसला क्लच नाही. वर्षानुवर्षं क्लच दाबणारा पाय घाबरल्या क्षणी क्लच शोधतो आणि त्याला ब्रेक सापडतो. डावा पाय मागे, सीटच्या बुडाशी घेऊन ठेवा आणि तो तिथंच आहे ना, हे प्रत्येक सिग्नलला तपासा. शिवाय या बसमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला तरी गाडी आपोआप मंदावते, मोटर जनरेटरसारखी काम करून बॅटरी चार्ज करू लागते. कारमध्ये पाय उचलून गाडी पळू देण्याची जी सवय आहे, तिनं इथं उभे प्रवासी पुढे फेकले जातात. पाय उचलणं हेसुद्धा हळू करायचं काम आहे. निघतानाही ही बस डिझेलसारखी घरघरत उठत नाही, दाबलं की उसळते.

यातलं एकही काम धाडसाचं नाही. हे सगळं सरावाचं आहे, आणि अर्ध्या प्रशिक्षणात ते पक्कं न होणं अगदी स्वाभाविक आहे. प्रशिक्षकांचं ते वाक्य मला खरंच लागलं. तसं बोलण्याची काही गरज नव्हती, आणि ते खरंही नाही. २०२२ मध्ये लक्ष्मी जाधव बेस्टच्या पहिल्या महिला बसचालक झाल्या. त्याआधी त्या मुंबईत रिक्षा चालवत होत्या. तीन चाकांवरून येऊन मुंबईच्या गर्दीत बस चालवता येते, तर टॅक्सीवरून का येणार नाही?

तुमच्यासोबत ट्रकवरून आलेली मुलं पुढे आहेत, असं लिहिलंय. असतीलच, आज तरी. लांबी-रुंदीचा अंदाज त्यांना आधीच आहे. पण ट्रकमध्ये मागे पोती असतात. तीच मुलं पुढे ब्रेकवर अडकतात, कारण उभ्या म्हातारीला धक्का न देता थांबायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. तुम्हाला ते येतं. मागच्या सीटवर झोपलेलं गिऱ्हाईक जागं न करता तुम्ही इतकी वर्षं गाडी चालवलीय. गर्दीच्या वेळी कुठला रस्ता तुंबतो, शाळा सुटताना कुठं जपून जायचं, हेही तुम्हाला पाठ आहे. शहर बसचं काम वाटतं त्यापेक्षा जास्त याच गोष्टींवर चालतं.

त्या दुचाकीच्या प्रसंगाकडे वळतो. तुम्ही लिहिता, “मी गोठून गेलो.” मी पत्र दोनदा वाचलं. दुचाकी आली, तुम्ही ब्रेक लावला, बस थांबली, कुणाला काही झालं नाही. हे गोठलेल्या माणसाचं वर्णन नाही. ज्या क्षणी काही करायला हवं होतं त्या क्षणी तुम्ही ते केलंत. त्यानंतर काही क्षण हलला नाहीत, ते तुम्हाला लाजिरवाणं वाटतंय कारण मागून हॉर्न वाजत होते आणि शेजारून ओरडा पडत होता. पण धोका टळल्यावर श्वास घेणं, डावा आरसा, समोर, उजवा आरसा बघणं आणि मगच निघणं, हेच बरोबर आहे. मागचा वाजवत बसू दे. बस मागच्याच्या हॉर्नवर चालवायची नसते. पुढे वाहक मागे उभा असेल तेव्हा त्याच्या डबल बेलवर निघायचं आणि तीही वाजली तरी आधी आरसा बघायचा.

भीतीबद्दल तुम्ही थेट विचारलंय, म्हणून थेट सांगतो. पन्नास-साठ माणसं मागे घेऊन निघताना ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या बसमध्ये मी माझ्या घरच्यांना बसवणार नाही. पण भीती कुठं बघायला लावते ते महत्त्वाचं. ती तुम्हाला डाव्या आरशात बघायला लावत असेल, थांब्याच्या आधी वेग कमी करायला लावत असेल, तर राहू द्या. ती तुम्हाला प्रशिक्षकांच्या चेहऱ्याकडे, स्वतःच्या पायांकडे, ‘आता काय म्हणतील’ याकडे बघायला लावत असेल, तर रस्ता सुटतो. तुमच्या पत्रावरून मला वाटतं की सध्या ही दुसरीच जास्त आहे आणि तिचं मूळ रस्त्यावर नाही, त्या एका वाक्यात आहे. घाबरवणाऱ्या प्रसंगानंतर थोडे दिवस झोप उडणं, छाती धडधडणं हे अनेकांना होतं आणि हळूहळू ओसरतं. महिनाभरानंतरही तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहिला, रस्त्यावर निघणंच टाळावंसं वाटू लागलं, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. त्याची नोंद नोकरीत आड येईल ही काळजी करत बसू नका. उपचार न घेता गाडी चालवणं जास्त आड येतं.

प्रशिक्षकांशी बोलायला हवं, आणि एकट्यात. सकाळी गाड्या सुटायच्या गडबडीत नको, पाळी संपल्यावर. “मला भीती वाटते” इतकंच मोघम सांगितलंत तर ते धीर धरा म्हणतील आणि विषय संपेल. काम सांगा: “डावं वळण आणि रिव्हर्स यावर मला मैदानात जादा सराव हवाय. त्या दिवसानंतर गर्दीच्या रस्त्यावर माझं लक्ष थोडं विचलित होतं, तेव्हा काही दिवस दुपारच्या मोकळ्या वेळेत रस्त्यावर न्याल का?” बहुतेक जुने प्रशिक्षक असं विचारणाऱ्यावर चिडत नाहीत. यांनी नाहीच ऐकलं तर त्यांच्या वरच्या माणसाकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.

जादा सराव मागण्यात कमीपणा वाटत असेल तर कुर्ला आठवा. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री तिथं बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक बसचा भीषण अपघात झाला, माणसं गेली. दोष कुणाचा, हे ठरवणं माझं काम नाही. पण त्यानंतर चर्चा झाली ती याचीच, की चालकाला या प्रकारच्या बसवर प्रशिक्षण मिळालं होतं तरी किती. म्हणून “मला अजून जमत नाही, अजून सराव द्या” असं जो चालक चाचणीच्या आधी म्हणतो, त्याच्याबद्दल मला फार आदर आहे. चाचणीत नापास झालात तर फार तर पुन्हा द्यावी लागेल. कच्चा असताना पास होणं मात्र तुमच्या आणि रस्त्यावरच्या लोकांच्या अंगाशी येऊ शकतं.

सरावाचा आणखी एक प्रकार सांगतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. सुट्टीच्या दिवशी तुमच्याच मार्गावरच्या बसनं प्रवास करा. बसू नका, मागच्या बाजूला उभे राहा. कुठल्या चालकाच्या गाडीत दांडा घट्ट धरावा लागतो आणि कुणाच्या गाडीत हात सैल राहतो ते बघा. ज्याच्या गाडीत हात सैल राहिला, तो थांब्याच्या किती आधी पाय उचलतो, थांबता थांबता शेवटच्या क्षणी ब्रेक जरासा सोडतो का, हे लक्ष देऊन पाहा. शेवटच्या थांब्यावर त्याला चहा पाजा आणि विचारा. जुनी माणसं फार मोकळेपणानं सांगतात, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल. ते वाईट चिंतत नाहीत, पण ‘स्वतःचा मालक’ हे कागदावर मांडून बघा. टॅक्सीचं मागच्या वर्षाचं उत्पन्न, त्यातून कमिशन, गॅस, हप्ता, विमा, टायर आणि आजारपणात गाडी उभी राहिलेले दिवस वजा करा. दुसऱ्या बाजूला बसचा हातात येणारा पगार, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा आणि साप्ताहिक सुट्टी मांडा. हे करताना एक समज तपासून घ्या. तुम्ही पत्रात दोन ठिकाणी “सरकारी नोकरी” असं लिहिलंय. ठेकेदाराकडे असाल तर ती तशी नाही. भाडेतत्त्वाच्या पद्धतीत बस आणि चालक ठेकेदाराचे असतात, मार्ग आणि वेळापत्रक परिवहन उपक्रम ठरवतो, वाहकही बहुधा त्यांचाच असतो. म्हणजे अंगावर गणवेश शहराच्या बसचा, पण नेमणूकपत्र कंपनीचं. हे काम म्हणून वाईट नाही, फक्त माहीत असून करावं. नेमणूकपत्र लेखी मागा. गाडीला खरचटलं तर पगारातून कापतात का, पाळीला हजर राहूनही गाडी मिळाली नाही तर त्या दिवसाचे पैसे मिळतात का, हे आधी विचारा. पीएफचा यूएएन नंबर मिळाला की दर महिन्याला पासबुक बघा, तुमचा वाटा कापला जातोय आणि त्यांचाही जमा होतोय ना. परवाना आणि दाखले यांच्या मूळ प्रती कुणाकडेही ठेवायला देऊ नका, दाखवून परत घ्या.

पाळीचंही विचारा, कारण घरचं गणित त्यावर बसतं. पहिली गाडी पहाटे सुटते, शेवटची मध्यरात्रीच्या आसपास परत येते आणि नव्या माणसाच्या वाट्याला सुरुवातीला गैरसोयीच्या पाळ्या येतात. रात्री उशिरा सुटून पहाटे पुन्हा हजर व्हायचं, अशा पाळ्या लागोपाठ लागल्या तर स्पष्ट सांगा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं आठ तासांचा दिवस आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं ठरवून दिलं होतं, ते उगाच नाही.

तुमच्यासारख्याच वाटेवर निघालेल्या इतर वाचकांसाठीही थोडं. प्रवासी किंवा मालवाहू वाहन चालवायला वयाची वीस वर्षं पूर्ण हवीत. हलक्या वाहनाचा परवाना हातात येऊन किमान वर्ष झालेलं हवं, त्यानंतरच जड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळतो. प्रवासी वाहनासाठी बिल्ला लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा परवाना पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो. फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या. रंगांधळेपणा किंवा रात्री कमी दिसणं बऱ्याच जणांना वैद्यकीय तपासणीतच पहिल्यांदा कळतं, तोवर क्लासचे पैसे गेलेले असतात. ड्रायव्हिंग स्कूल निवडताना प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किती तास मिळणार हे विचारा, आणि शिकवायची गाडी खरोखर बसएवढी आहे का, की जुना छोटा टेम्पो आहे, ते स्वतः जाऊन बघा. बहिणींनी नेमणूक घेताना शेवटच्या थांब्यांवर स्वच्छतागृह आहे का, रात्रीच्या पाळीनंतर घरी जायची काय सोय, हे बिनदिक्कत विचारावं. ते विचारण्यात काही जास्तीचं मागणं नाही.

आणि भाऊ, आज घरी सांगा. बायकोला सगळं सांगायला हवं, गोळीसकट. तुम्ही रात्री छताकडे बघत पडता हे तिला माहीत नसेल असं मला वाटत नाही. तिला कारण माहीत नाही, म्हणून ती स्वतःच काहीतरी कारण जोडत असेल. टॅक्सी विकायचा निर्णय तुम्ही दोघांनी घेतला होता, तर सोडायचं की नाही हेही दोघांनीच ठरवा. मात्र आज नाही. झोप परत येऊ द्या, मैदानातला जादा सराव होऊ द्या, तो पैशांचा कागद दोघांनी मिळून पूर्ण करा. एवढं करूनही पहाटे डेपोकडे निघताना मन मागेच ओढत असेल तर सोडा, त्यात कसली नाचक्की? जड वाहनाचा परवाना तुमच्याकडेच राहणार आहे. शाळेची बस आहे, कंपन्यांच्या कामगारांची ने-आण आहे, तिथं मार्ग ठरलेला असतो आणि उभ्यानं प्रवास करणारं सहसा कुणी नसतं. मी तुमच्या जागी असतो तर चाचणीपर्यंत थांबलो असतो.